हौसेची बुडी

सुकऱ्या पाण्यात जायचा तो डोळे मिटून. आसरांच्या डोहात तो लहानपणापासून किती वेळा बुडाला आणि वर आला त्याची गणती नाही. पण डोहाचा तळ कसा दिसतो असं कुणी विचारलं असतं, तर त्याला सांगता आलं नसतं. हाताला कसा लागतो ते मात्र त्यानं झोपेतही सांगितलं असतं. डाव्या अंगाला शेवाळलेला मोठा खडक, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. त्याच्या पोटाखाली कपार, तिच्यात खांद्यापर्यंत हात जातो. पुढं वाळू, वाळूत गोटे, आणि धबधबा पडतो त्याच्या अगदी खाली, जिथं वैशाखातही पाणी हाडं गोठवतं, तिथं एक सपाट चिरा, कुणी आणून ठेवल्यासारखा.

डोळे मिटण्याची शिकवण त्याच्या बापाची. बाप मंगळू हातानं मासे धरायचा. मोखाड्याहून सूर्यमाळकडं जाताना रस्त्याच्या खाली जी दरी आहे, तिच्यात यांचा पाडा, आणि पाड्याच्या खाली हा डोह. काठावर शेंदूर लावलेला दगड आहे, साती आसरांचा. पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी त्या. बाया तिथं हळदकुंकू वाहतात, हिरव्या बांगड्या ठेवतात. मंगळूनं पोराला पहिल्यांदा पाण्यात नेलं तेव्हा आधी त्या दगडापुढं उभं केलं आणि सांगितलं, "खाली त्यांचं घर हाय. दुसऱ्याच्या घरात गेलं तं मान खाली घालून जायाचं, काम करायाचं, निघून यायाचं. इकडं तिकडं बघायाचं नाय."

सुकऱ्यानं ऐकलं. फक्त काम केलं नाही. बाप कपारीत हात घालून वाम मासा बाहेर ओढायचा, चिंबोऱ्या काढायचा; आणि हा पोरगा छाती फुटेस्तोवर खाली राहून वर यायचा तेव्हा त्याच्या मुठीत एक पांढरा गोटा असायचा.

"यो काय खाऊ घालणार बायकोला?" मंगळू काठावरच्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायचा. "गोट्यांचं कालवण?"

बाया हसायच्या. सुकऱ्याही हसायचा आणि परत बुडायचा. गोट्याचं त्याला काही करायचं नसायचं. तळाशी गेलं की कान भरून यायचे, वरची हाकाटी बंद व्हायची, अंगाचं वजन जायचं, आणि आपण कुणाचे कोण हेसुद्धा क्षणभर आठवायचं नाही. तिथं जाऊन आल्याची खूण म्हणून गोटा. असे गोटे घराच्या पडवीत एका कोपऱ्यात साठत गेले. पुढं लग्न होऊन नवशी घरात आली, तिनं झाडताना ते फेकले नाहीत. नीट रचून ठेवले.

लग्नानंतर पोटासाठी बाहेर पडावं लागलं. दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी रेतीवर. सुकऱ्याला बुडी मारता येते हे कळल्यावर मुकादमानं त्याला खाडीवर नेलं. तिथं होडीतून बांबू धरून खाली जायचं, तळाची रेती बादलीत भरायची, दोर हलवायचा, वर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली. पाणी गढूळ, तेलाचा तवंग. जरा उशीर झाला की वरून मुकादम ओरडायचा, "काय बे, नीचे सो गया क्या?" दुसऱ्या हंगामात सुकऱ्याच्या डाव्या कानातून रक्त आलं. आठवडाभर येत राहिलं. थांबलं तेव्हा त्या कानानं ऐकूही येईनासं झालं होतं.

घरी आल्यावर तो बरेच दिवस डोहाकडं फिरकला नाही. मग एका दुपारी लाकडं आणायला म्हणून गेला आणि ओल्या अंगानं परत आला, हातात गोटा.

"येगळं हाय हे पाणी," एवढंच म्हणाला.

त्याच दिवशी त्यानं आसरांच्या दगडाला हात लावून शब्द दिला होता. पाण्यात जाईन तो माझ्या मनानं जाईन, कुणाच्या मोलानं जाणार नाही. पोट भरायला नाचणी-भात होता, वीटभट्टी होती. पाणी त्यानं त्यातून बाजूला काढून ठेवलं, देवघरातली एखादी वस्तू ठेवावी तसं.

पुढं रस्ता डांबरी झाला, मोबाइल आले, आणि पावसाळ्यात धबधबे बघायला शहरातून गाड्या येऊ लागल्या. आसरांच्या डोहाचे फोटो कुठून कुठे गेले देव जाणे. पोरं यायची, खडकावर उभी राहून व्हिडिओ काढायची, उड्या मारायची. एका श्रावणात त्यातला एक वर आलाच नाही. जव्हारहून पोलीस आले. काठावर उभे राहून पाण्याकडं बघत राहिले. तेव्हा पाड्यावरच्या कुणीतरी सांगितलं, "सुकऱ्याला हाक मारा."

तो गेला. नको म्हणावं असं त्याला सुचलंच नाही. डोळे मिटून खाली उतरला, खडक, कपार, वाळू असं चाचपत गेला आणि हाताला कापड लागलं. काखेखालून दोर बांधला, दोनदा ओढला. काठावर त्याचा जोडीदार ढवळू होता, त्यानं वर खेचलं. सुकऱ्या दुसऱ्या अंगानं बाहेर आला आणि मागं वळून न बघता चढणीच्या वाटेनं घरी गेला. नवशीनं त्याला अंगणातच थांबवलं, डोक्यावरून पाणी घातलं, मीठ-मिरची ओवाळून चुलीत टाकली. मग त्यानं पडवीतला एक पांढरा गोटा उचलला, डोहावर गेला, आणि ज्या जागेवरून माणूस काढला होता तिथं खाली नेऊन ठेवला. दुसऱ्याच्या घरातून काही उचललं तर काही ठेवलंही पाहिजे, असा त्याचा हिशेब.

त्यानंतर दर पावसाळ्यात बोलावणं येऊ लागलं. मोखाड्यातून, जव्हारातून, कधी पार विक्रमगडकडून. बळवंत हवालदाराचा फोन ढवळूच्या पोराच्या मोबाइलवर यायचा आणि सुकऱ्या निघायचा; गोटा आता तो आधीच कमरेला बांधून न्यायचा. पडवीतली रास कमी होत गेली. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी काही द्यायला हात पुढं केला की तो हात मागं घ्यायचा. कुणी फार रडून गळ्यात पडायला आलं तर ढवळू पुढं व्हायचा. आणि इतकी माणसं काढूनही सुकऱ्यानं त्यांच्यातल्या एकाचंही तोंड पाहिलेलं नव्हतं. पाण्यात चुकून हात चेहऱ्याला लागला, तर तो झटकन काढून घ्यायचा, परक्याच्या चुलीपाशी पाय पडल्यासारखा.

त्याचं नाव हळूहळू वरपर्यंत गेलं आणि एका उन्हाळ्यात जव्हारला शिबिर झालं, त्याचं बोलावणं आलं. पाण्यात उतरणाऱ्या गावोगावच्या माणसांना शिकवायचं होतं. सुकऱ्या आणि ढवळू दोघं गेले. शिकवणारे देवानंद सर समुद्रात काम केलेले, बोलायला साधे. त्यांनी फळ्यासमोर उभं राहून सांगितलं, "पाण्यात उतरणारे दोन तऱ्हेचे. एक व्यावसायिक, पगारी. दुसरे तुमच्यासारखे, हौशी."

सुकऱ्यानं हा शब्द असा कधी ऐकला नव्हता. त्याच्या पाड्यावर हौस असते ती लग्नाची, तारप्याच्या सुरावर नाचायची, पोरीला बांगड्या घालायची. तो उभा राहिला.

"साहेब, मेलेलं काढायाची हौस कुणाला असंल?"

सगळे हसले. देवानंद सर हसले नाहीत.

"पहिल्यांदा पाण्यात कशासाठी गेला होतात?"

"गोटा काढाया."

"गोटा कशाला हवा होता?"

"असाच."

"बस. तीच हौस. कुणी सांगत नाही, कुणी देत नाही, तरी माणूस जातो. बाकी सगळं मागून येतं. पण एक लक्षात ठेवा, पगारी माणसाला सुट्टी असते, त्याच्या जागी दुसरा येतो. हौशी माणसाला नाही कोण म्हणणार? त्याचं त्यालाच म्हणावं लागतं."

"आणि माझी कसली हौस, सर?" ढवळूनं विचारलं. "मी तं काठावर दोर धरून बसतो."

"तुझी कोरडी," सुकऱ्या म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

शेवटच्या दिवशी सरांनी त्याला तलावात उतरवून बघितलं. डोळे मिटून जातो हे त्यांना कळलं तेव्हा ते गंभीर झाले. "हे बरोबर नाही, सुकऱ्याभाऊ. एखाद दिवशी जाळ्यात नाहीतर तारेत अडकाल, आणि कळायच्या आत संपाल." त्यांनी आपला स्वतःचा पाण्यातला चष्मा काढून त्याच्या हातात दिला. काळ्या रबराचा, डोळ्यांना घट्ट बसणारा. सुकऱ्या घेईना. "हे मोल नाही," सर म्हणाले. "माझी हौस समजा."

तेव्हा त्यानं घेतला.

त्या उन्हाळ्यात सुकऱ्या वेडा झाला होता म्हटलं तरी चालेल. विहिरी आटल्या होत्या, बाया डोहाच्या कडेला झरे उकरून हंडे भरत होत्या, आणि हा चष्मा लावून दुपारच्या दुपार पाण्यात. बापाचं सांगणं त्याला आठवलं नाही असं नाही. त्यानं दगडापुढं नारळ फोडला, चूक पोटात घाला म्हणाला, आणि डोळे उघडले. चाळीस वर्षं हातानं ओळखलेला खडक त्याला दिसला. तो काळा नव्हताच, हिरवा होता, आणि त्याच्यावर उन्हाची जाळी हलत होती. कपारीच्या तोंडाशी बोटाएवढे मासे एकाच दिशेला तोंड करून उभे होते. चिऱ्यावर पांढरे गोटे पडलेले दिसले, त्यानंच ठेवलेले. त्यांच्याकडं मात्र तो फार वेळ बघत राहिला नाही.

पुष्पा तेव्हा पाड्यावर सुट्टीला आली होती. ढवळूच्या बहिणीची पोर, आश्रमशाळेत दहावीला. तोंडाळ. सुकऱ्या चष्म्यासकट वर आला की ती हंडा टाकून टाळ्या पिटायची.

"अगो बया, मामाचा बेडूक झाला! मामे, बघ ना, तुझा नवरा बेडूक झाला!"

"बरा हाय बेडूक," नवशी झऱ्यापाशी वाकूनच म्हणायची. "ओरडत तरी नाय तुझ्यावानी."

एकदा पुष्पानं चष्मा मागून घेतला, कडेच्या खडकावर पोटावर झोपली, आणि डोकं पाण्यात घातलं. बाहेर काढलं तेव्हा केसांतून पाणी गळत होतं आणि तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"मामा, खाली केवढा उजेड हाय रे!"

भाद्रपदात उघडीप पडली, तेव्हा गणपतीच्या सुट्टीला आलेली पुष्पा धुणं घेऊन डोहावर गेली होती. शेवाळावरून पाय घसरला. बरोबरच्या पोरींनी ओरडत पाडा गाठेपर्यंत उशीर झाला होता. सुकऱ्या शेतातून पळत आला. नवशीनं कमरेला गोटा बांधला, आणि चष्मा उन्हाळ्यापासून त्याच्या गळ्यातच असायचा. सरांनी सांगितलं होतं ना, आंधळ्यासारखं जाऊ नका.

पाणी निवळ होतं. ऊन तळापर्यंत गेलं होतं. पुष्पा कपारीपाशी होती, उभ्यासारखी, केस वर तरंगत होते, आणि डोळे उघडे होते. ती त्याच्याकडं बघत होती.

त्यानं दोर बांधला नाही. तिला उराशी धरून तोच वर घेऊन आला. दोर धरून बसलेला ढवळू रिकाम्या दोराकडं बघत राहिला आणि मग भाचीकडं. सुकऱ्या त्या दिवशी चढणीच्या वाटेनं गेला नाही. तिथंच बसून राहिला, तिच्या तोंडाकडं बघत. कमरेचा गोटा कमरेलाच राहिला. घरी आल्यावर लुगड्याच्या फडक्यात तो तसाच बांधलेला नवशीला सापडला.

त्यानंतर सुकऱ्या पाण्यात गेला नाही.

कान दुखतो म्हणाला. तेही खोटं नव्हतं. चष्मा खुंटीला अडकवला. वाटेतला ओढा ओलांडायचा असेल तर लांबून दगडांवरून जायचा. नवशीनं आणखी एक गोष्ट पाहिली. तोंड धुताना तो डोळे मिटायचा नाही. साबण जायचा, झोंबायचं, लाल व्हायचे, तरी उघडे ठेवायचा. रात्री कंदील कमी करू द्यायचा नाही.

"मिटलं की ती येती," एकदाच म्हणाला. "रागावलेली नसती. नुसती बघती."

नवशीनं आसरांना बांगड्या वाहिल्या, पुष्पाच्या नावानं दिवा लावला. तिला ठाऊक होतं की यात बुवा-भगताचं काम नाही. पण देवाला सांगून ठेवावं, म्हणजे आपण एकट्या राहत नाही, असं तिचं मन.

पुढच्या पावसाळ्यात जव्हारचा ऋत्विक डोहात गेला. कापडाचं दुकान असलेल्या घरातला एकुलता मुलगा, कॉलेजातला. मित्रांबरोबर आला होता. खबर सकाळी कळली. पाणबुड्यांची पगारी तुकडी निघाली होती, पण घाटात दरड आली होती आणि ती पलीकडं अडकून पडली. वर डोंगरात पाऊस कोसळत होता. डोहाचं पाणी चढत होतं, आणि ते चढून खालच्या उताराला लागलं की पोराला कुठं घेऊन जाईल याचा नेम नव्हता. हे काठावरच्या सगळ्यांना दिसत होतं.

बळवंत हवालदार पाड्यावर स्वतः चालत आला. चिखलानं माखलेला.

"सुकऱ्या, चल बाबा. तुझ्याशिवाय कोण हाय?"

"कान दुखतोय, साहेब."

"कानानं काढायचंय का? चल, बघून तर ये."

बघून येतो म्हणून सुकऱ्या निघाला. ढवळू दोर घेऊन मागून आला. काठावर जव्हारहून आलेली माणसं छत्र्या धरून उभी होती. सुकऱ्या पाण्यापासून लांब, वरच्या खडकावर थांबला आणि तिथून हलेना. हवालदारानं सांगून पाहिलं. कुणीतरी रेनकोटवाला पुढं झाला.

"काय भाव खातोय का हा? किती पाहिजेत विचारा ना त्याला. आत्ता देतो."

"त्याला नको असतंय काही," हवालदार म्हणाला.

"मग अडलंय कुठं?"

"भ्यालाय तो," ढवळू म्हणाला. त्याचा आवाज चिरका निघाला. "माझ्या भाचीला काढली त्यानं गेल्या साली. तवापासनं भ्यालाय. बोला आता, काय बोलायचं ते."

कुणीतरी मागं हसलं. सुकऱ्यानं खाली मान घातली. हात त्यानं काखेत दाबून धरले.

मग मुलाची आई उठली. विद्युल्लताबाई. आतापर्यंत त्या शेंदराच्या दगडापाशी ओल्या जमिनीवर बसून होत्या, छत्री नव्हती, पायात एकच चप्पल. त्या खडकापर्यंत आल्या, आणि सगळ्यांना वाटलं आता या त्याचे पाय धरतील.

"कोण होती ती मुलगी?" त्यांनी विचारलं.

"पुष्पा," सुकऱ्या म्हणाला. "तोंडाळ होती."

"तुमच्या घरी कोण आहे?"

"बायको. लेक दिली जामसरला."

बाईंनी पाण्याकडं पाहिलं. "मग तुम्ही नका जाऊ. माझा तर गेलाय. माझ्या पोटच्यासाठी दुसऱ्याला पाण्यात ढकलू मी? देवाला काय तोंड दाखवू?" मग माणसांकडं वळून म्हणाल्या, "यांना जाऊ द्या. कुणी काही बोलायचं नाही."

सुकऱ्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही, बहिरा कान त्या अंगाला होता. पण बाई पुन्हा जाऊन दगडापाशी बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्याला चल म्हणणारे किती होते, ये म्हणणारे, आण म्हणणारे. नको जाऊस असं कुणीही म्हटलं नव्हतं. तो उठला आणि चढणीच्या वाटेला लागला.

वळणावर नवशी भेटली. डोक्यावर इरलं, हातात पानानं झाकलेली थाळी.

"कुठं चाललास?"

"घरी. त्या बाई म्हणल्या नको जाऊस."

नवशीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "बरं म्हणल्या," ती म्हणाली. "जा. भाकर झाकून ठेवलीय." आणि ती उतरू लागली.

"तू कुठं?"

"हळदकुंकू ठेवून येते. पोर आसरांकडंच हाय ना अजून. एकलंच."

ती पुढं गेली. सुकऱ्या वळणावर उभा राहिला. खाली धबधब्याचा आवाज वाढला होता, तो त्याला एकाच कानानं ऐकू येत होता. मग त्यानं सदरा काढून झुडपावर टाकला आणि बायकोच्या मागून उतरला.

ढवळूनं दोर सोडला. नवशीनं थाळीतून दोन गोटे काढून त्याच्या कमरेला बांधले. एक या पोराचा, एक गेल्या सालचा राहिलेला. पडवीत तेवढेच उरले होते. तिनं ते आणले होते, म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं का, हे त्यानं विचारलं नाही.

चष्मा खुंटीलाच होता. त्यानं डोळे मिटले आणि गेला.

पाणी गढूळ, जोरदार, आणि पुष्पा तिथंच होती. मिटल्या डोळ्यांच्या आत, केस वर तरंगत. तो हातपाय मारत वर आला, खडकाला धरून ओकला. हवालदार म्हणाला, "राहू दे रे." सुकऱ्यानं मान हलवली आणि दुसऱ्यांदा गेला. या वेळी ती दिसली तेव्हा तो मागं फिरला नाही. पाण्यात बोलता येत नाही, पण तो मनात म्हणाला, पुष्पे, जरा सरक. पोराची आय बसलीय वर. आणि तो म्हशीच्या पाठीसारख्या खडकावरून, कपारीवरून, वाळूवरून हात फिरवत खाली गेला. चिऱ्यापाशी, सगळ्यात गार जागी, त्याच्या पंजात एक पंजा आला. तो त्यानं सोडला नाही.

दोन्ही गोटे चिऱ्यावर ठेवूनच तो वर आला.

बाईंनी मुलाचं डोकं मांडीवर घेतलं, पदरानं तोंड पुसलं. सुकऱ्या चढणीच्या वाटेला लागला होता, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "कसा होता हो तो खाली?"

सुकऱ्या थांबला, पण वळला नाही. "मी बघत नसतो, बाई. हातानं जातो." मग म्हणाला, "हात पुढं केला होता त्यानं. तो धरूनच आलो दोघं."

बाईंनी हुंदका दिला. एवढ्या वेळात पहिला.

पगारी तुकडी त्यानंतर नेमून दिली गेली. डोहाच्या वाटेवर दोरखंड आणि पाटी लागली. बळवंत हवालदाराचा फोन येणं थांबलं. कंदील सुकऱ्या आताशा बारीक करू देतो. पुष्पा येते, पण रोज नाही.

यंदाच्या वैशाखात विहिरी आटल्या आणि बाया पुन्हा डोहाच्या कडेला झरे उकरू लागल्या. पाणी निवळ, ऊन तळापर्यंत. नवशी हंडा भरत होती, सुकऱ्या सावलीत बसला होता.

"कोपरा रिकामा दिसतो पडवीतला," ती म्हणाली. "आण की एखादा. हौसेचा."

तो उठला. गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला आणि उभा राहिला. बराच वेळ. पाणी त्याच्या पायांभोवती फिरत होतं, बोटाएवढे मासे येऊन पिंढरीला तोंड लावून जात होते. नवशीनं हंडा भरला तरी उचलला नाही.

सुकऱ्यानं वाकून ओंजळ भरली, तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटून. "आज नको," म्हणत तो मागं फिरला, बायकोच्या डोक्यावर हंडा चढवून दिला, आणि दोघं चढणीला लागले.